बोटीच्या पाणीपंपाचा इंपेलर

बोटीच्या पाणीपंपाचा इंपेलर हा बोटीचे इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे, खाडीचे किंवा नदीचे पाणी आत ओढणाऱ्या पंपातील फिरता भाग होय. तो बहुधा कृत्रिम रबराचा असतो. मध्यभागी धातूचा तुंबा आणि त्याभोवती लवचीक पाती, असे त्याचे रूप असते. आकाराने तो तळहातावर मावेल एवढा असून इंजिनाच्या एकूण किमतीच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य असते. मात्र तो निकामी झाल्यास इंजिनाला मिळणारा थंडावा काही क्षणांत थांबतो. त्यामुळे सागरी इंजिनाच्या नियमित देखभालीत इंपेलरची तपासणी व बदल ही तेल बदलण्याइतकीच आवश्यक बाब मानली जाते.

हा लेख मुख्यतः लवचीक पात्यांच्या रबरी इंपेलरविषयी आहे. असे इंपेलर बोटीच्या आत बसवलेल्या अनेक लहान व मध्यम डिझेल इंजिनांत, तसेच बहुतेक आउटबोर्ड इंजिनांत आढळतात. काही मोठ्या इंजिनांत धातूच्या इंपेलरचे अपकेंद्री पंप वापरले जातात.

थंडाव्याच्या व्यवस्थेतील स्थान

मोटारगाडीचे इंजिन रेडिएटरमधून वाहणाऱ्या हवेने थंड होते. बोटीला भोवतालचे पाणी उपलब्ध असल्याने तिच्या इंजिनासाठी त्याचाच उपयोग केला जातो. याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

प्रत्यक्ष पद्धतीत बाहेरचे पाणी थेट इंजिनाच्या ठोकळ्यातील पोकळ्यांमधून फिरवून बाहेर सोडले जाते. आउटबोर्ड इंजिने सामान्यतः या पद्धतीची असतात. अप्रत्यक्ष पद्धतीत इंजिनामध्ये गोडे पाणी व शीतक द्रव यांचे मिश्रण बंदिस्त मार्गाने फिरते आणि बाहेरचे पाणी केवळ उष्णता विनिमयकातून जाऊन त्या मिश्रणाची उष्णता काढून घेते. कारागीर या भागाला हीट एक्सचेंजर म्हणतात. अप्रत्यक्ष पद्धतीच्या इंजिनावर दोन पंप असतात. बंदिस्त द्रव फिरवणारा पंप सहसा धातूच्या पात्यांचा असतो, तर बाहेरचे पाणी ओढणारा पंप रबरी इंपेलरचा असतो.

आतील इंजिनात पाण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो: बोटीच्या तळातील झडप म्हणजे सीकॉक, गाळणी, पंप, उष्णता विनिमयक आणि शेवटी एक्झॉस्टचा वाकडा नळ. या नळात पाणी तप्त धुरात मिसळते व धुरासह बोटीबाहेर पडते. म्हणजेच हे पाणी इंजिनासोबत धूर वाहून नेणारा रबरी नळ आणि सायलेन्सर यांनाही थंड ठेवते.

रचना

पंपाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत:

• आवरण: बहुधा कांस्याचे बनवलेले गोल पोकळ घर. त्याला पाणी आत येण्याचे व बाहेर जाण्याचे अशी दोन तोंडे असतात.
• कॅम: आवरणाच्या आतील भिंतीवर, दोन तोंडांच्या मधल्या भागात असलेला धातूचा उंचवटा.
• इंपेलर: तुंबा व त्याला सांधलेली रबरी पाती. तुंबा दांड्यावर चावीने, खाचांनी किंवा स्क्रूने पक्का होतो.
• दांडा: इंजिनाच्या गिअरवरून किंवा पट्ट्याने फिरणारा शाफ्ट.
• सील: दांड्याभोवतीची रबरी कडी. पाण्याच्या बाजूला एक आणि गिअरवर चालणाऱ्या पंपात तेलाच्या बाजूला दुसरी सील असते.
• झाकण: लहान स्क्रूंनी बसवलेली सपाट धातूची चकती. तिच्याखाली कागदी पॅकिंग किंवा रबरी कडी असते.

दोन सीलांच्या मधे आवरणाला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र ठेवलेले असते. पाण्याची सील गळू लागल्यास पाणी इंजिनाच्या तेलात न जाता या छिद्रातून बाहेर ठिबकते. हे छिद्र रंगाने, ग्रीसने किंवा क्षाराने बुजू देऊ नये.

इंपेलरसाठी निओप्रीन हे कृत्रिम रबर सर्वाधिक वापरले जाते. पाण्यात तेलाचा किंवा डिझेलचा अंश असण्याची शक्यता असल्यास नायट्राइल रबराचे इंपेलर वापरतात, कारण तेलाने निओप्रीन फुगते. तथापि इंजिन थंड करण्याच्या कामी निओप्रीन अधिक काळ लवचीक राहते.

कार्यपद्धती

पात्यांसह इंपेलरचा व्यास आवरणाच्या आतील व्यासापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे ती आत वाकलेल्या स्थितीत बसतात व भिंतीला घट्ट टेकून राहतात. फिरताना पाते कॅमवर आले की ते अधिक वाकते आणि दोन पात्यांमधील जागा कमी होते. कॅम ओलांडताच पाते सरळ होते, जागा वाढते आणि तेथे दाब कमी होऊन पाणी आत ओढले जाते. हे पाणी पात्यांमधील कप्प्यांत अडकून आवरणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तेथे पाते पुन्हा कॅमवर वाकते व पाणी बाहेर ढकलले जाते.

पाणी अशा कप्प्यांत वाहून नेले जात असल्याने हा धन विस्थापन प्रकारचा पंप ठरतो. तो स्वतः हवा ओढून पाणी वर चढवू शकतो, म्हणून पाण्याच्या पातळीपेक्षा काहीसा उंच बसवला तरी चालतो. पात्यांच्या लवचीकपणामुळे लहानसहान कचराही तो पुढे ढकलतो. त्याची मर्यादाही याच रचनेत आहे. पात्यांची टोके सतत धातूवर घासत असतात आणि त्यांना वंगण व थंडावा देणारी एकमेव गोष्ट म्हणजे पंपातून वाहणारे पाणी होय.

बिघाडाची कारणे

• कोरडे चालणे: सीकॉक बंद राहणे, गाळणी तुंबणे, पाण्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटणे किंवा गाळणीच्या झाकणातून हवा ओढली जाणे यांमुळे पंपाला पाणी मिळत नाही. घर्षणाच्या उष्णतेने पाती मिनिटभरात, काही वेळा त्याहूनही लवकर, जळतात किंवा मुळापासून तुटतात.
• गाळ व वाळू: उथळ खाडीत किंवा नदीमुखाशी पाण्यासोबत आलेल्या बारीक वाळूने पात्यांची टोके, कॅम व झाकण झिजते.
• वय: वापर नसला तरी रबर कालांतराने कडक होते व पात्यांच्या मुळाशी भेगा पडतात.
• दीर्घकाळ बंद राहणे: इंजिन अनेक आठवडे बंद असल्यास कॅमखालची पाती वाकलेल्या अवस्थेतच राहतात आणि पुन्हा पूर्ण सरळ होत नाहीत.
• तुंब्यापासून रबर सुटणे: धातूचा तुंबा व रबर यांचा सांधा सुटल्यास दांडा फिरतो, पण पाती फिरत नाहीत किंवा घसरत फिरतात. असा इंपेलर वरवर पाहता उत्तम दिसतो. त्यामुळे हा दोष अनेकदा ध्यानात येत नाही.

बिघाडाची लक्षणे

सर्वांत विश्वसनीय लक्षण एक्झॉस्टमधून पडणाऱ्या पाण्यात दिसते. इंजिन सुरू होताच धुरासोबत पाणी उसळत बाहेर पडले पाहिजे. पाणी कमी होणे, एक्झॉस्टचा आवाज बदलून कोरडा व मोठा होणे, पांढरी वाफ दिसणे आणि रबर जळाल्याचा वास येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. इंजिनाचा वेग वाढवल्यावरच तापमान चढणे हे पाती झिजल्याचे लक्षण असू शकते, कारण झिजलेला पंप कमी वेगाला पुरेसे आणि अधिक वेगाला अपुरे पाणी देतो.

तापमानदर्शकावर एकट्यावर विसंबणे योग्य नाही. अप्रत्यक्ष पद्धतीच्या इंजिनात तो बंदिस्त मार्गातील द्रवाचे तापमान दाखवतो. बाहेरचे पाणी थांबल्यावर त्या द्रवाला तापण्यास काही वेळ लागतो. या अवधीत एक्झॉस्टचा रबरी नळ पाण्याविना तप्त धुराच्या संपर्कात येतो आणि धोक्याची घंटा वाजण्यापूर्वीच करपू शकतो. म्हणून इंजिन सुरू करताच मागे वाकून पाण्याची धार पाहण्याची सवय जाणते खलाशी पाळतात. काही बोटींवर पाण्याचा प्रवाह किंवा एक्झॉस्ट नळाचे तापमान मोजून इशारा देणारे स्वतंत्र उपकरणही बसवले जाते.

बिघाडाचे परिणाम

पाणी थांबल्यावर इंजिन चालू राहिल्यास प्रथम एक्झॉस्टचा नळ व प्लॅस्टिकचा सायलेन्सर यांना इजा पोहोचते. नळ फुटल्यास बोटीत विषारी धूर पसरतो आणि पुढे पाणीही आत येऊ शकते. इंजिन आणखी तापल्यास हेड गॅस्केट जळते, सिलिंडर हेड वाकते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम होते.

याहून गंभीर बाब म्हणजे चालकशक्ती गमावलेली बोट. खडकाळ किनाऱ्याजवळ, बंदराच्या तोंडाशी किंवा मोठ्या जहाजांच्या मार्गात इंजिन बंद करावे लागल्यास नांगर टाकण्याची तयारी प्रथम करावी लागते. पंप उघडण्याचे काम बोट सुरक्षित झाल्यानंतरच हाती घेतले जाते.

तपासणी

झाकण काढून इंपेलर बाहेर घेतल्यावर प्रत्येक पाते बोटाने वाकवून त्याचे मूळ पाहिले जाते. भेगा सहसा मुळाशीच सुरू होतात. पात्याचे टोक गोलसर असणे अपेक्षित आहे. ते सपाट किंवा धारदार झाले असल्यास झीज झाली आहे असे समजावे. बाहेर काढल्यावरही वाकडी राहणारी पाती, कडक किंवा चकाकणारे रबर, तसेच कडांवरील जळाल्याच्या खुणा ही इंपेलर बदलण्याची पुरेशी कारणे आहेत. तुंबा एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने रबर पिळून पाहिल्यास सांधा सुटला आहे किंवा कसे हे कळते.

झाकणाच्या आतील बाजूवर गोलाकार खोल चर पडले असल्यास पाणी पात्यांच्या कडेने मागे सरकते व पंपाची ओढ कमी होते. झाकण दोन्ही बाजूंनी सपाट असेल तर ते उलटे बसवून काही काळ वापरता येते. अन्यथा ते बदलावे.

बदलण्याची पद्धत

इंजिनानुसार तपशील बदलत असल्याने निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी. आतील डिझेल इंजिनासाठी सर्वसाधारण क्रम असा आहे:

१. इंजिन बंद करून ते थंड होऊ दिले जाते. सीकॉक बंद केला जातो आणि इंजिनाची चावी काढून सीकॉकच्या दांडीला अडकवली जाते. सीकॉक उघडण्याचे विसरून इंजिन सुरू केल्यास नवा इंपेलर मिनिटभरात जळतो. ही चूक टाळण्यासाठी हा साधा उपाय केला जातो.

२. पंपाखाली कापड किंवा भांडे ठेवले जाते. ते सांडणारे पाणी आणि हातातून सुटणारे स्क्रू दोन्ही झेलते. स्क्रू लहान व मऊ धातूचे असल्याने नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला जातो.

३. झाकण व पॅकिंग काढून पाती कोणत्या दिशेने वाकली आहेत याची नोंद घेतली जाते किंवा छायाचित्र काढले जाते.

४. इंपेलर बाहेर ओढण्यासाठी त्याचे खास ओढणे मिळते. ते नसल्यास तुंब्याला पकडीने धरून ओढले जाते. दोन स्क्रू ड्रायव्हरांनी उचकटण्याची पद्धत प्रचलित असली तरी त्यामुळे आवरणाच्या कडेवर ओरखडे पडतात व तेथून गळती होते. दुसरा मार्गच नसल्यास कडेवर जाड कापड ठेवावे. काही इंपेलर दांड्यावर स्क्रूने किंवा कडीने अडकवलेले असतात. ते आधी सोडवावे लागतात.

५. आवरण पुसून कॅम, सील व दांडा तपासला जातो. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे पृष्ठभाग न खरवडता काढले जातात.

६. नव्या इंपेलरला ग्लिसरीन, सिलिकॉन ग्रीस किंवा साबणाचे पाणी लावले जाते. पहिल्या काही फेऱ्यांत, पाणी पोहोचेपर्यंत, हेच वंगणाचे काम करते. इंजिन तेल किंवा साधे ग्रीस निओप्रीनला अपायकारक असल्याने वापरत नाहीत.

७. पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट बाजूस, म्हणजे मागे झुकलेली राहतील अशा रीतीने इंपेलर पिळत आत सरकवला जातो. पात्यांभोवती केबल टाय आवळल्यास हे काम सोपे होते. इंपेलर आत शिरू लागला की टाय सरकत बाहेर येतो.

८. नवे पॅकिंग ठेवून झाकण बसवले जाते. पॅकिंगची जाडी मूळ मापाचीच असावी. जाड पॅकिंगमुळे पाती व झाकण यांतील फट वाढून ओढ घटते, तर पातळ पॅकिंगमुळे पाती झाकणावर घासतात. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले जातात.

९. सीकॉक उघडून इंजिन सुरू केले जाते. अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक्झॉस्टमधून पाणी न दिसल्यास इंजिन लगेच बंद करून कारण शोधले जाते. पाणी नीट येऊ लागल्यावर झाकणाभोवती गळती आहे का ते तपासले जाते.

इंजिन सुरू न होता स्टार्टर वारंवार फिरवला गेल्यास पंप पाणी ढकलत राहतो, परंतु ते बाहेर फेकण्यास धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये शिरण्याचा धोका असतो. अशा वेळी सीकॉक तात्पुरता बंद ठेवतात आणि इंजिन पेट घेताच तत्काळ उघडतात.

तुटलेल्या पात्यांचा शोध

जुन्या इंपेलरची पाती तुटलेली आढळल्यास केवळ नवा इंपेलर बसवून काम पूर्ण होत नाही. तुटलेले तुकडे पाण्यासोबत पुढे जाऊन पंपानंतरच्या पहिल्या वळणात, उष्णता विनिमयकाच्या नळ्यांच्या तोंडाशी किंवा मार्गात असल्यास गिअरबॉक्सच्या तेल थंड करणाऱ्या नळीत अडकतात. प्रवाह त्यामुळे कायमचा कमी होतो आणि नवा इंपेलर असूनही इंजिन तापत राहते. काही तुकडे पंपाच्या मागे, गाळणीच्या बाजूलाही घसरतात.

सापडलेले तुकडे जुन्या इंपेलरला जुळवून पाहणे ही खात्रीची पद्धत होय. सर्व पाती पूर्ण होईपर्यंत शोध संपला असे मानले जात नाही. विनिमयकाचे टोकाचे झाकण उघडून किंवा नळ सोडून उलट दिशेने पाणी मारल्यास तुकडे बहुधा बाहेर पडतात. पूर्वीच्या बिघाडातील तुकडेही या वेळी सापडल्याचे प्रसंग कारागिरांच्या परिचयाचे आहेत.

आउटबोर्ड इंजिनातील इंपेलर

आउटबोर्ड इंजिनात पंप खालच्या पायात, गिअरपेटीच्या वर, उभ्या दांड्यावर बसवलेला असतो. बोट पाण्यात असताना तो पाण्याखाली किंवा पाण्याच्या पातळीलगत असतो. कमी वेगाला तो धन विस्थापन पंपासारखा चालतो. वेग वाढल्यावर पाण्याच्या दाबाने पाती भिंतीपासून किंचित दूर होतात आणि तो काहीसा अपकेंद्री पंपासारखा काम करतो.

इंजिनाच्या बाजूला असलेल्या छिद्रातून पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडते. ती पंप चालू असल्याची खूण होय. धार थांबल्यास प्रथम ते छिद्र बारीक तारेने साफ करून पाहतात, कारण तेथे अनेकदा क्षार किंवा शेवाळ साचलेले असते. त्यानंतरही धार न आल्यास पंप उघडावा लागतो.

त्यासाठी बोल्ट काढून इंजिनाचा खालचा पाय उतरवला जातो. पंपाचे आवरण उचलल्यावर इंपेलर व त्याची लहान धातूची चावी दिसते. ही चावी सहज हरवते. इंपेलरसोबतच आतील पोलादी वाटी, खालची पट्टी व पॅकिंग बदलणे श्रेयस्कर असते. हे सर्व भाग एकत्रित संचाच्या रूपात मिळतात. आवरण खाली बसवताना दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवला जातो. पाय पुन्हा जोडताना पाण्याची उभी नळी व गिअर बदलणारा दांडा आपापल्या जागी बसल्याची खात्री करावी लागते. नळी चुकल्यास पंप उत्तम असूनही इंजिनापर्यंत पाणी पोहोचत नाही.

आउटबोर्ड इंजिन जमिनीवर कोरडे सुरू करू नये. चाचणीसाठी खालचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवतात किंवा पाणी घेण्याच्या जाळ्यांवर नळाला जोडलेल्या रबरी वाट्या बसवतात.

बदलण्याचा कालावधी

कालावधी इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. सामान्यतः दरवर्षी तपासणी आणि दर एक-दोन वर्षांनी किंवा काही शे तासांच्या वापरानंतर बदल, असा प्रघात आहे. वाळूमिश्रित पाण्यात चालणाऱ्या बोटींसाठी हा काळ कमी धरावा लागतो. पंप एकदा कोरडा चालला असेल, तर तास मोजत न बसता इंपेलर तपासला जातो.

थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी बोटी पाण्याबाहेर काढल्या जातात तेव्हा इंपेलर काढून ठेवण्याची पद्धत आहे. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर असा बंद काळ पावसाळ्यात येतो. सर्वसाधारणपणे जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात. या काळात इंपेलर पंपातच राहिल्यास तीच पाती दोन महिने कॅमखाली दबून राहतात. पंपात उरलेले खारे पाणी आटून क्षार साचतो आणि पाती भिंतीला चिकटतात. हंगामाच्या आरंभी पहिल्याच फेऱ्यांत अशी पाती फाटण्याची शक्यता असते. म्हणून बोट वर घेताना गोड्या पाण्याने मार्ग धुऊन इंपेलर काढणे आणि बोट पाण्यात उतरवताना तपासलेला किंवा नवा इंपेलर बसवणे हितावह ठरते. काढलेल्या इंपेलरची चिठ्ठी सुकाणूजवळ किंवा चावीला लावली जाते, जेणेकरून पंप रिकामा असताना कोणी इंजिन सुरू करणार नाही.

सुटे भाग

बोटीवर किमान एक नवा इंपेलर, पॅकिंग, झाकणाचे जादा स्क्रू आणि लागणारी हत्यारे ठेवणे आवश्यक मानले जाते. इंपेलर दिसायला सारखे असले तरी व्यास, रुंदी, पात्यांची संख्या व तुंब्याची खाच यांत फरक असतो. त्यामुळे खरेदी पंपाच्या क्रमांकावरून करावी. शक्य असल्यास सुटा इंपेलर बंदरात असतानाच एकदा बसवून पाहतात. सुटे रबरी भाग ऊन, उष्णता व डिझेलपासून दूर, मूळ वेष्टनात ठेवले जातात. बदललेला जुना इंपेलर सुस्थितीत असल्यास तोही आपत्कालीन वापरासाठी जपून ठेवण्याची प्रथा आहे.

हे सुद्धा पहा

• आउटबोर्ड मोटर
• अपकेंद्री पंप
• डिझेल इंजिन
• उष्णता विनिमयक
• निओप्रीन